सर, तिचे गुण वाढवू नका. ते एक वाक्य खोडा

मा. मुख्याध्यापिका बाई, सातवीचे वर्गशिक्षक सर आणि शाळा व्यवस्थापन समितीचे सर्व सदस्य यांस,

सादर नमस्कार.

मी आपल्या शाळेतल्या एका विद्यार्थिनीचा बाप. कराड-पाटण रस्त्याच्या कडेला माझं वायरिंगचं आणि मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. शाळेचं नाव लिहीत नाही, मुलीचंही नाही. ज्यांना कळायचं त्यांना पहिल्या दोन ओळींतच कळेल, बाकीच्यांना कळून काही उपयोग नाही.

१ मेला झेंडावंदन झालं आणि प्रगतिपत्रकं वाटली गेली. पोरीला विज्ञानात शंभरापैकी ५४ पडले, श्रेणी क-१. घरी आल्यावर तिनं ते माझ्या हातात न देता टीव्हीवर ठेवलं आणि आत गेली, तेव्हाच मी समजलो. पण आधीच सांगतो, माझं भांडण या ५४ शी नाही. संकलित, म्हणजे सत्राच्या शेवटची परीक्षा साठाची, त्यात ३४. ते तिनं लिहिलेले, तिचेच. आकारिकच्या, म्हणजे सत्रभरातल्या कामाच्या, चाळिसात २० आहेत, त्यातल्या प्रकल्पाच्या दहापैकी चार. तेही असू देत. माझं भांडण मागच्या पानाशी आहे. तिथं वर्णनात्मक नोंदींच्या रकान्यात 'सुधारणा आवश्यक' याच्यापुढे विज्ञानासाठी एक वाक्य लिहिलंय: 'निरीक्षणात सातत्य ठेवावे.'

दुसऱ्या दिवशी मी सरांना भेटलो. सरांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं, ऐकून घेतलं, आणि शेवटी म्हणाले, "चाराचे सात करून हवेत का? करू. हाय काय, नाय काय." सर मनानं चांगले आहेत, म्हणूनच तसं म्हणाले. पण मंडईत वांग्याचा भाव तोडून मागावा तसं मला वाटलं आणि मी उठलो. तुमच्यासमोर मला नीट बोलताही आलं नाही, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितोय.

तर त्या सातत्याबद्दल.

सहावीच्या सुट्टीत तिनं कुठंतरी वाचलं की पाऊस मोजता येतो. दोन लिटरची कोल्ड्रिंकची बाटली आणि रॉकेलच्या जमान्यातलं एक जुनं नरसाळं घेऊन ती दुकानात आली. नरसाळं बाटलीत घातलं, सांधा मी सिलिकॉननं बंद करून दिला, आणि एका सिमेंटच्या ठोकळ्याला तारेनं बांधून बाटली मागच्या परड्यात उभी केली. माझं काम तिथं संपलं. पुढचं सगळं तिचं. बाटलीवर पट्टी चिकटवून उंची मोजायची असं मला वाटत होतं. ती म्हणाली, तसं नाही चालत, नरसाळ्याचं तोंड मोठं आणि बाटली वेगळी, पाणी किती साचलं ते तोंडाच्या मापानं ठरतं. वर्तुळाचं क्षेत्रफळ तेव्हा तिला शिकवलेलं नव्हतं. मला शिकवलं होतं, पण मी विसरलो होतो. तिनं आलेखाच्या कागदावर नरसाळं पालथं घालून पेन्सिलीनं गोल काढला आणि एक-एक सेंटिमीटरचे चौकोन मोजत बसली. पूर्ण चौकोन, मग अर्धे जोडून पूर्ण केलेले. अठ्ठ्याहत्तर आले. नरसाळ्याचं तोंड दहा सेंटिमीटरचं. सूत्रानं साडेअठ्ठ्याहत्तर येतात, हे मी नंतर मोबाइलवर पाहिलं. त्यावरून तिनं ठरवलं की बाटलीत ७.८ मिलिलिटर पाणी आलं की एक मिलिमीटर पाऊस. वहीच्या पहिल्या पानावर ते चौकटीत लिहिलंय. त्याच्याखाली आणखी एक ओळ आहे: 'मे महिन्याचा पाऊस माझ्याकडून निसटला.'

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ ला, पावसानं सगळ्यांनाच फसवलं होतं. २६ मेला तो मुंबईत पोचलासुद्धा. आमच्याकडे मे महिन्यातच ओढे वाहायला लागले होते. हिची बाटली मात्र पुस्तकातल्या तारखेनं, १ जूनला बसली. त्याचं तिला इतकं वाईट वाटलं की आठवडाभर ती आभाळाशी अबोला धरून होती.

१ जून ते ३० सप्टेंबर म्हणजे १२२ दिवस. रोज सकाळी साडेआठला, कारण हवामान खातं देशभर साडेआठलाच मोजतं. सुई नसलेली दहा मिलीची सिरिंज मेडिकलमधून आणलेली. बाटलीतलं पाणी पातेल्यात ओतायचं, सिरिंजनं ओढून मोजायचं, आकडा लिहायचा, भागाकार करायचा. ऑगस्टात एकदा रात्रभर झोडपलं. सकाळी ती परड्यात पोतं पांघरून उकिडवी बसली होती, सिरिंज भरायची, रिकामी करायची, दर खेपेला वहीत एक रेघ. चार रेघा उभ्या, पाचवी आडवी. पंचावन्न वेळा भरून झाल्यावर वर चार मिली उरलं. ५५४ भागिले ७.८, म्हणजे जवळजवळ ७१. त्या दिवशी तिची शाळेतली प्रार्थना चुकली आणि हजेरीत 'उशिरा' असा शेरा पडला. दुसऱ्या दिवशी मी दुकानातून मापाचा प्लास्टिकचा मग आणून दिला, आधी सुचलं नाही याची लाज वाटली.

हा ७१ चा आकडा गावात फिरला. आमच्याकडे ऊस आणि सोयाबीन. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या पुढे गेला की अतिवृष्टी म्हणायची, हे आता शेतकऱ्यांच्या बायाबापड्यांनासुद्धा पाठ आहे, कारण पंचनाम्याचं सगळं गाडं त्यावर अडतं. पण तो आकडा धरतात महसूल मंडळाच्या पाऊस मोजायच्या यंत्राचा, आणि यंत्र आमच्यापासून लांब. शेजारचे तात्या संध्याकाळी आले आणि म्हणाले, "पोरी, तुझी वही दाव." तिनं दाखवली. तात्या चष्मा लावून उभ्यानं पाच मिनिटं वाचत होते. कागदोपत्री त्या वहीला काडीची किंमत नाही हे त्यांनाही ठाऊक होतं. तरी म्हणाले, "बरोबर हाय. माझ्या बांधावरची बादली एवढीच भरली हुती." तिच्या आकड्यांची ही पहिली तपासणी. एका मोठ्या माणसानं केलेली शेवटचीही तीच.

वर्तमानपत्रात पावसाळाभर कोयना धरणाची बातमी येते. कोयनानगर, नवजा, महाबळेश्वर, तिन्हीकडचे चोवीस तासांचे आकडे. तिनं आपल्या रकान्याशेजारी हे तीन रकाने आखले होते. कात्रणं नाहीत, नुसते आकडे. जुलैत एका दिवशी नवज्याला दीडशेच्या वर आणि आमच्या परड्यात नऊ. मला म्हणाली, "पप्पा, पन्नास-साठ किलोमीटरवर एवढा फरक? आपली बाटली गळतेय का?" आम्ही बाटली बादलीत बुडवून बुडबुडे पाहिले. गळत नव्हती. मग ढग, सह्याद्री, पर्जन्यछाया हे सगळं तिनं भूगोलाच्या पुस्तकातून शोधून काढलं आणि वहीत लिहिलं. माझ्या दुकानात बसून लिहिलं, म्हणून सांगतो.

आता प्रकल्पाच्या या वहीतल्या चार रिकाम्या रकान्यांकडे येतो, कारण दहातले सहा गुण तिथंच गेले, असं सर म्हणाले.

१२२ पैकी ११८ दिवसांचे आकडे आहेत. चार नाहीत. जुलैत दोन दिवस वानरांची टोळी परड्यात उतरली आणि बाटली आडवी. तिथं लिहिलंय, 'वानर. सांडलं.' सप्टेंबरात तिला ताप होता, आम्ही दवाखान्यात होतो, कुणाच्याच लक्षात आलं नाही. तिथं लिहिलंय, 'ताप.' आणि एकदा आम्ही आत्याच्या गावाला डोहाळजेवणाला गेलो होतो, जाताना आजीला मोजायचं काम समजावून सांगितलं होतं. परत आल्यावर नात धावत गेली. आजी म्हणाली, "पाव बाटली हुतं गं. तुळशीला घातलं." तिनं वहीत तसंच लिहिलं: 'आजी म्हणते पाव बाटली. तुळशीला घातलं. आकडा नाही.'

सरांनी वही तपासताना या चार रकान्यांना लाल गोल केले आणि सांगितलं, आजूबाजूच्या दिवसांचा अंदाज घेऊन भरून आण, प्रकल्प अपूर्ण दिसतो. ती घरी आली आणि मला विचारलं, "भरू?"

मी काय म्हणालो ते लपवत नाही. मी म्हणालो, "भर की. कोण बघायला येतंय."

रात्री मी वही उघडली. तिनं पेन्सिलीनं आकडे घातले होते, ६, ११, ४, १८. घालून खोडले होते. खोडरबर इतका घासलाय की आजीच्या ओळीपाशी कागद पातळ होऊन मागच्या पानावरची शाई दिसते. वरून पेननं पुन्हा लिहिलंय, 'आकडा नाही.' मी वही मिटून ठेवली. सकाळी काही बोललो नाही, तीही बोलली नाही. ती वही तशीच शाळेत गेली आणि चार गुण घेऊन परत आली.

सरांचा दुसरा आक्षेप होता अक्षराचा. वहीत दोन अक्षरं आहेत, म्हणजे पालकांनी लिहून दिलंय. होय सर, बारा ठिकाणी माझं अक्षर आहे. ते बारा वार काढून बघा, सगळे शनिवार निघतील. शनिवारी आपली सकाळची शाळा, साडेसातला भरते. साडेआठला ती तुमच्याच वर्गात बसलेली असते. म्हणून शनिवारी मी मोजायचो आणि तिच्या हुकमानुसार पुढं कंसात 'पप्पा' लिहायचो. मोजणारा बदलला तर तसं लिहावं लागतं, असं तिचं म्हणणं. तिसरा आक्षेप, प्रस्तावना, उद्दिष्टे आणि ऋणनिर्देश नाही. तो मान्य. ऋणनिर्देश खरंच राहिला. तुळशीचे आणि वानरांचे आभार मानायला हवे होते.

इथं मला एक कबुली द्यायची आहे. ती दिल्याशिवाय या पत्रावर सही करायचा मला हक्क नाही.

डिसेंबरातल्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात पहिला नंबर आला तो 'स्मार्ट पथदिवे' या मॉडेलला. अंधार झाला की दिवे आपोआप लागतात, उजेड आला की विझतात. ते मॉडेल मी केलं. माझ्या दुकानात, माझ्या हातानं, दीड तासात. उजेड ओळखणारा एलडीआर, एक ट्रान्झिस्टर, एलईडीची पट्टी, थर्माकोलवर हिरवा भुसा. त्या मुलाचे वडील प्रदर्शनाच्या दोन दिवस आधी आले आणि म्हणाले, "काहीतरी चमकणारं करून द्या." मी ९०० रुपये घेतले. धंदा आहे माझा. सोल्डरची तार धरून समोर कोण बसली होती, ते सांगायला नको. तिचा तक्ता तेव्हा दुकानातच, पाठीमागच्या मांडणीवर गुंडाळून ठेवलेला होता.

प्रदर्शनाला परीक्षकांनी मॉडेलवर हात धरला, दिवे लागले, टाळ्या झाल्या. तिचा तक्ता होता पाण्याच्या टाकीशेजारी. त्यात लागण्या-विझण्यासारखं काही नव्हतं. चार महिन्यांचे खांब होते रंगीत पेन्सिलीनं काढलेले, आणि मध्ये चार ठिकाणी फट. ती म्हणाली, "एका बाईंनी विचारलं, या फटी का सोडल्यास? मी सांगेपर्यंत त्या पुढं गेल्या."

त्या मुलाकडून बक्षीस काढून घ्या असं मी अजिबात म्हणत नाही. पोराची काय चूक? त्याला बापानं सांगितलं, बापाला शेजाऱ्यानं सांगितलं, आणि शेवटी सगळे माझ्या दुकानात आले. मी नसतो तर शाळेच्या कोपऱ्यावरच्या स्टेशनरीत 'प्रकल्प तयार मिळतील' अशी पाटी आहेच. पण मला एवढं कळलं की बापाचं अक्षर वहीत कंसात कबूल केलं तर गुण कापले जातात, आणि बापाचा अख्खा हात थर्माकोलखाली लपवला तर ट्रॉफी मिळते. ही शिकवण शाळेनं एकटीनं दिली नाही, मीही दिली. म्हणून यापुढं माझ्या दुकानात शाळेचं मॉडेल होणार नाही. मुलगा स्वतः येऊन बसला तर सोल्डरिंग शिकवीन, फुकट. तशी पाटी लावलीय, दोन गिऱ्हाइकं परत गेली.

आता नियमाचं बोलतो. दुकानात गिऱ्हाईक नसलं की वाचायला वेळ मिळतो. शासनानं २० ऑगस्ट २०१० च्या निर्णयानं ही पद्धत आणली. तिचं नाव 'सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन'. सातवी-आठवीला आकारिक ४० टक्के, संकलित ६० टक्के. खालच्या वर्गांना आकारिकचं वजन याहून जास्त, पहिली-दुसरीला ७० टक्के. आकारिकची साधनं आठ, आणि यादीतलं पहिलं साधन काय? दैनंदिन निरीक्षण. मग तोंडीकाम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय आणि इतर. म्हणजे 'निरीक्षण' आणि 'सातत्य' हे माझ्या मुलीच्या प्रगतिपत्रकातले दोन्ही शब्द मुळात या पद्धतीतूनच आलेत. फक्त तिथं ते मुलाकडून मागितलेले नाहीत. मुलाकडं बघणाऱ्या माणसाकडून मागितलेत.

सर, हे टोमण्यासारखं वाटेल, पण मनात तसं नाही. मी हिशेब केला. वर्गात ४८ मुलं, नऊ विषय, दोन सत्रं. एका रकान्यात एकच वाक्य धरलं तरी एका वर्गाची ८६४ वाक्यं होतात. रकाने तर तीन आहेत, विशेष प्रगती, आवड-छंद, सुधारणा आवश्यक. त्यात तुम्ही मतदारयादीचं काम करता, सर्वेक्षणं करता, युडायसच्या सरकारी पोर्टलवर शाळेची माहिती भरता, पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब ठेवता, आणि कसल्यातरी दिनाचे फोटो त्याच दिवशी वर पाठवता. मागच्या वर्षी शाळेच्या संगणकाच्या खोलीतलं वायरिंग केलं तेव्हा मी तीन दिवस हे डोळ्यांनी पाहिलंय. अशा माणसानं ८६४ वाक्यं आठवून आठवून लिहावीत ही अपेक्षा कागदावरच ठीक. म्हणून मग नोंदींच्या पुस्तिका निघतात, व्हॉट्सअॅपवर पीडीएफ फिरते, 'विज्ञान: सुधारणा आवश्यक: १ ते २५', त्यातलं एक उचलायचं. आमच्या आळीत सातवीतली पाच मुलं आहेत. पाचांची प्रगतिपत्रकं मी गल्ल्यावर ओळीनं मांडून पाहिली. तिघांच्या विज्ञानाला तेच वाक्य, त्यातला एक तर वर्गात पहिला आलेला. त्याला सातत्य कमी पडलं असेल तर मग बोलणंच खुंटलं.

म्हणजे सरांनी मुद्दाम काही केलेलं नाही. तिच्याबद्दल ते वाक्य लिहिलंच गेलेलं नाही, ते येऊन पडलंय. हे मला कळतं. तिला कळत नाही. तेरा वर्षांच्या पोरीला छापील ओळीचा अर्थ एकच लागतो: १२२ दिवस मी जे केलं त्याला हे लोक सातत्य म्हणत नाहीत. तिनं मला विचारलं, "अजून किती दिवस करायला पाहिजे होतं?" याचं उत्तर कुणाकडे असेल तर मला सांगा.

आणि गुणगौरवाचं म्हणाल तर आपल्या पारितोषिक वितरणाला मी आलो होतो. सव्वा तास पाहुण्यांचे सत्कार झाले. शाल, श्रीफळ, पुन्हा शाल. पोरं पटांगणात तापलेल्या सतरंजीवर बसलेली. मुलांच्या बक्षिसांना अकरा मिनिटं लागली, मी घड्याळ लावलं होतं. पहिले तीन नंबर, शंभर टक्के हजेरी, आदर्श विद्यार्थी, आदर्श विद्यार्थिनी. यापेक्षा जास्त काही त्यावर लिहीत नाही.

येत्या वर्षी ती आठवीत. २०२३ च्या बदलानंतर पाचवी आणि आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षा आहे, नाही जमलं तर फेरपरीक्षा, तिथंही नाही जमलं तर तोच वर्ग. ती नापास होईल अशी भीती मला नाही. भीती वेगळी आहे. यंदा तिनं पाठांतराचं गाईड मागितलंय, स्वतःहून. चांगली गोष्ट आहे, घेऊन देतो. पण ज्या संध्याकाळी तिनं गाईड मागितलं, त्याच संध्याकाळी म्हणाली, यंदा बाटली नाही लावली तरी चालेल ना.

नव्या शैक्षणिक धोरणात समग्र प्रगतिपत्रक येतंय म्हणतात. 'पारख' या केंद्राच्या मूल्यमापन संस्थेनं तयार केलेल्या त्या पत्रकात मुलानं स्वतःबद्दल लिहायची जागा आहे, सोबत्यानं लिहायची आहे, पालकांनीही लिहायची आहे. येईल तेव्हा येईल. आणि आलं की त्याचीही पीडीएफ निघेल, हे सांगायला ज्योतिषी नको. तोवर आपल्याच शाळेत, आहे त्याच रकान्यांत काय होईल तेवढं मी मागतो. समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या बाया असतात, म्हणून हे पत्र तुम्हालाही आहे. पुढच्या बैठकीत वॉटर फिल्टर आणि कंपाउंडची भिंत झाल्यावर पाच मिनिटं द्या.

दर मुलामागे, दर सत्रात, एकच ओळ अशी असू द्या की जी दुसऱ्या मुलाच्या पत्रकात चालणार नाही. एका विषयाची, एकच. बाकी पुस्तिकेतलं उचला, कोणी काही म्हणणार नाही. ४८ मुलांच्या ४८ ओळी, सहा महिन्यांत. आठवड्याला दोन मुलांकडे नीट बघितलं तरी पुरतं. कुणाबद्दल लिहायला काहीच सापडलं नाही तर रकाना रिकामा सोडा आणि लिहा 'बघायचं राहिलं'. आम्ही पालक रागावणार नाही. निदान मी नाही. रिकामा रकाना माझ्या घरात चालतो, चार आहेत.

प्रदर्शनात परीक्षकांनी मॉडेलपेक्षा मुलाला तीन प्रश्न विचारावेत. कसं केलंस, काय बिघडलं, कुणी मदत केली. तिसऱ्या प्रश्नाचं खरं उत्तर दिल्याबद्दल गुण कापू नयेत. आणि सगळ्यात आधी, कृपा करून, कुठल्याही मुलाला अंदाजानं आकडे भरून आण असं सांगू नका. उद्या हीच पोरं मंडळाच्या यंत्रापाशी, दवाखान्यात, धरणाच्या दरवाज्यापाशी नोंदी ठेवायला बसणार आहेत. २०१९ च्या ऑगस्टातल्या महापुरात आपण नदीकाठी किती तास आकड्यांची वाट बघत काढले, ते तुम्हीही विसरला नसाल.

माझ्या मुलीपुरतं मागणं एवढंच की ते वाक्य खोडा. दुसरं चांगलं लिहू नका, 'विज्ञानाची विशेष आवड' वगैरे नको, तेही पुस्तिकेत आहे. नुसतं लाल शाईनं खोडून बाजूला सही करा. चुकलेलं खोडलं की बाजूला सही करायची असते, हे तिला माहीत आहे, तिच्या वहीत तशा सात ठिकाणी सह्या आहेत. ५४ चे ५४ राहू देत. प्रकल्पाचे चार चारच.

आणि एक छोटं काम आहे, ते शिपाईमामांना सांगितलंत तरी होईल. आमच्या परड्यात शेजारच्या आंब्याची फांदी यंदा बाटलीच्या वर आलीय. पानांवरून थेंब टपकतात, आकडा खोटा येतो. मोजायची जागा झाडाभिंतींपासून मोकळी हवी, उंच गोष्टीच्या उंचीच्या निदान दुप्पट लांब. शाळेच्या मागं तारेच्या कुंपणातली जुनी बाग आहे, तिथं मधोमध अशी जागा आहे, मी पावलांनी मोजून आलोय. शनिवारी तर ती साडेआठला तिथंच असेल, माझ्या अक्षराची गरजच पडणार नाही. ती लावू या म्हणेल की नाही ते अजून मला माहीत नाही, पण जागा आहे म्हटल्यावर विचार करेल असं वाटतं. त्या फाटकाला कुलूप असतं. १ जूनच्या आत किल्ली मिळाली तर बरं होईल, मेचा पाऊस यंदाही निसटलाच आहे.

आपला नम्र,
सातवीतल्या (आता आठवीतल्या) एका विद्यार्थिनीचा पालक